जोडी सुटली!

माणसाच्या स्मरणशक्तीइतकी पक्षपाती वस्तू जगात दुसरी नसेल. आमच्या शेजारच्या गुरुजींचेच पाहा. वय वर्षे एक्याऐंशी. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली की राहिली, हे त्यांना दुपारी आठवत नाही. थोरल्या नातजावयाला ते गेली तीन वर्षे धाकट्याच्या नावाने हाक मारतात आणि तो बिचारा निमूटपणे ओ देतो. पण पस्तीस वर्षांपूर्वी अमक्या गावच्या पटात तमक्या पाटलांच्या जोडीने किती सेकंदांत धाव मारली, डावीकडे कोणता बैल होता नि उजवीकडे कोणता, असे विचारा. गुरुजी क्षणभर डोळे मिटतात आणि समोर वही उघडल्यासारखे घडाघडा सांगू लागतात. (वही खरोखरच आहे. तिच्याविषयी पुढे येईलच.)

पट म्हणजे शंकरपट. शंकराचे वाहन नंदी, म्हणून हे नाव पडले असे लोक सांगतात. पुण्याकडच्या वाचकांनी बैलगाड्यांची शर्यत म्हणून समजून घ्यावे. फरक इतकाच, की त्यांच्या घाटाला चढ असतो आणि आमचा पट सपाट रानात, दोरी लावून आखल्यासारखा सरळ. एक हलकी गाडी. गाडी कसली, दोन चाके, एक दांडी आणि बसायला वीतभर फळी. तिला दोन बैल जुंपलेले आणि वर एक धुरकरी. झेंडी पडते, 'सुटली!' असा एकच गलका होतो, आणि तुम्ही शेजाऱ्याला 'कुठली जोडी हो?' असे विचारेपर्यंत ती पलीकडची रेघ ओलांडून गेलेली असते. सात सेकंद, फार तर आठ. खेळ संपला. वळण नाही, दुसरा फेरा नाही, मागून येऊन पुढे निघण्याची सोय नाही. एवढ्या आठ सेकंदांसाठी माणसे दहा-दहा कोसांवरून भाकरी बांधून येतात, आणि पुढची तीस वर्षे ते आठ सेकंद सांगत बसतात.

मराठीचा मास्तर असल्यामुळे येथेच एक खुलासा करून टाकतो. 'पटाईत' हा शब्द या पटावरून आला, असे आमच्या कॉलेजातली दोन-चार मुले दरवर्षी लिहितात. तो दांडपट्टा फिरवणाऱ्यावरून आलेला आहे. तरी मी अर्धा गुण देतो. खेड्यातून आलेल्या मुलाला पट आधी आठवावा आणि पट्टा नंतर, यात त्याचा दोष काय?

आमचे घर जुन्या जालन्यात. कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना आणि दुसऱ्या अंगाला नवा. 'जालना, सोने का पालना' ही म्हण अजून लोकांच्या तोंडी आहे, पण हल्ली गावाचे नाव बाहेर निघते ते बियाण्यांमुळे आणि लोखंडी सळ्यांमुळे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, आणि त्याच वर्षी माझाही जन्म झाला. दोघांच्याही प्रगतीविषयी वडीलधाऱ्यांचे मत सारखेच आहे. असो. आमच्या गल्लीत, गुरुजींच्या दारासमोर, एक दगडी ओटा आहे. त्यावर संध्याकाळी चार म्हातारे बसत. गुरुजी स्वतः, मोंढ्यातल्या एका आडतीवर जन्म काढलेले मुनीम, जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर, आणि बैलांना पत्री मारण्यात हयात घालवलेले नालबंद चाचा. या चौघांत जात, धर्म, राजकारण, दम्यावरचे औषध, कशाचाही मेळ नव्हता. मेळ होता तो फक्त पटाचा. नोकरी लागल्यावर मी तेथे पाचवा म्हणून बसू लागलो.

प्रत्येकाचा प्रांत ठरलेला. मुनिमांचा प्रांत जातिवंतपणाचा. देवणी नि लाल कंधारी ही आपल्या मराठवाड्याची भूषणे खरी, पण ती औताला आणि ओझ्याला. पटाला पाहिजे तो खिल्लार, नाहीतर वर्ध्याकडचा गवळाऊ, अंगाने सडपातळ आणि कानाला तिखट, असे ते सांगत. गुरुजींचा प्रांत आकड्यांचा. १९७० नंतर पाहिलेला प्रत्येक पट त्यांनी वहीत उतरवलेला आहे: गाव, तिथी, मालक, बैलांची नावे, सेकंद. चार वह्या भरल्या. अक्षर असे, की शाळेत कित्त्याला द्यावे.

आणि या वह्यांवरच चाचांचा राग. "गुरुजी, तुम्हारी किताब में मालिक है, बैल है. बाकी लोगां किधर गये?" असे ते दर चार दिवसांनी विचारीत. हा प्रश्न मी प्रथम ऐकला तेव्हा हसलो होतो. मग चाचा एकेक माणूस मोजून दाखवू लागले आणि मला कळले, की हे सात सेकंद उभे करायला अर्धे गाव लागते. गाडी हलकी पण न मोडणारी करणारा सुतार. खूर तासून पातळ पत्री मारणारा नालबंद. सरकी-पेंड भिजवून, वेळप्रसंगी लेकराच्या तोंडचे दूध बैलापुढे ठेवणारी घरची बाई. पहाटे रानात फिरवून आणणारा गडी. सुटायच्या रेघेवर फुरफुरणारी जोडी झेंडी पडेपर्यंत धरून ठेवणारे दोन गडी. त्यांनी कासरा अर्धा क्षण उशिरा सोडला की पट हरला. धुरकरी तर असतोच. पण चाचांच्या मते सर्वांत मोठा माणूस पलीकडच्या टोकाला उभा असतो. "दौडता तो हर जानवर है. रोकता कौन, ये देखो." भरधाव येणाऱ्या जोडीच्या समोर जाऊन वेसण पकडणारी ती तीन-चार पोरे. बक्षीस मालकाला, टाळ्या बैलांना, आणि फुटलेले गुडघे या पोरांना.

माझा भाचा अमेरिकेत इंजिनिअर आहे. २०१८ च्या दिवाळीत तो आला होता. त्याला मी ओट्यावर नेले, तर त्याने सांगितले, की आमच्याकडेही पट असतो, बैलांऐवजी मोटारी. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सोडायच्या, आणि पाव मैल, म्हणजे १३२० फूट, सरळ पळवायच्या. त्याला ड्रॅग रेसिंग म्हणतात. सगळ्यांत जोरकस मोटारी चार सेकंदांच्या आत धाव संपवतात आणि ताशी पाचशे किलोमीटरच्या वर जातात. ऐकून मुनीम म्हणाले, "मग बघायचं कधी?"

पण मंडळींचे कान टवकारले ते पुढच्या गोष्टीने. तिकडेही शौकीन मंडळी म्हातारपणी अशीच बसतात आणि अमकी मोटार, तमका चालक, फलाणा मिस्त्री यांच्या आठवणी काढतात. फ्लॉरिडाचा डॉन गार्लिट्स हा त्यांचा फार मोठा माणूस. त्याच्या मोटारींचे नाव काय, तर 'स्वॉम्प रॅट', म्हणजे दलदलीतला उंदीर; आणि पंचांगातल्या वर्षांसारखे एकीमागून एक क्रमांक. १९७० साली कॅलिफोर्नियात सुटतानाच त्याच्या मोटारीचा गिअरचा भाग फुटला आणि उजव्या पायाचा पुढचा भाग तुटून गेला. तोवर इंजिन चालकाच्या पुढ्यात असे. दवाखान्यात पडल्या पडल्या त्याने ठरवले, की आता इंजिन पाठीमागे घ्यायचे. तशी मोटार केली, पण ती सरळ जाईना. तेव्हा कॉनी स्विंगल नावाच्या त्याच्या जोडीदार मिस्त्रीने सुचवले, की चाक वळवण्याची यंत्रणा जरा मंद करून पाहू. मोटार सुतासारखी सरळ गेली. १९७१ पासून त्या घडणीने सगळा खेळच पालटला. पन्नास वर्षे होत आली तरी शौकीन गार्लिट्सबरोबर स्विंगलचेही नाव काढतात, असे भाचा म्हणाला. चाचांनी गुरुजींकडे असे पाहिले, की गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला.

"और रोकते कैसे?" चाचांनी विचारले.

"मागून छत्री उघडते. पॅराशूट."

"हौ!" चाचा म्हणाले. "वहाँ भी किसी ने सोचा."

पुढे भाच्याने सांगितले, की फ्लॉरिडात ओकाला येथे गार्लिट्सने या मोटारींचे मोठे संग्रहालय केले आहे, आणि त्याची एक मोटार वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातही ठेवलेली आहे. यावर ओट्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. गाडी ठेवता येते. बैल कुठे ठेवणार? म्हातारपणी तो बाजारात जातो, किंवा मालक भला असेल तर बांधावर पुरला जातो. त्याचे संग्रहालय म्हणजे हा ओटा, आणि ओट्यावरची माणसेही काही जन्माची नव्हेत.

त्या वर्षी पट बंदच होते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती यांवर बंदी घातली. २०१७ साली महाराष्ट्राने शर्यतींना परवानगी देणारा कायदा केला, तर त्यालाही उच्च न्यायालयाची स्थगिती आली. बंदीच्या वर्षांत ओट्यावरची चर्चा मात्र दुपटीने वाढली, जशी उपासाच्या दिवशी खाण्याची वाढते. भाच्याने बोलता बोलता सांगितले, की २००८ साली स्कॉट कलिटा नावाचा चालक शर्यतीत मेला, तेव्हा तिकडच्या लोकांनी मोठ्या मोटारींचा पल्ला १३२० फुटांवरून हजार फुटांवर आणला. गुरुजींनी हा मुद्दा उचलला. "बघा! त्यांनी पल्ला कमी केला. खेळ नाही बंद केला. आपल्याकडं एकदम कुलूप!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कंपाउंडर तेवढे गप्प होते. त्यांचा प्रांत औषधांचा, आणि पटाच्या गप्पांत ते एरवीही कमीच बोलत. ते म्हणाले, "गुरुजी, मोटारीला कातडं नसतंय."

आता येथे मला माझ्या थोरल्या मामांविषयी सांगितले पाहिजे.

मामा धुरकरी होते. माझे आजोळ भोकरदनच्या अंगाला. मामांना स्वतःची जोडी कधीच नव्हती. दीड एकर कोरडवाहूत औताचे बैल निघाले तरी पुष्कळ. पण अंगाने काटकुळे, हाताने हलके आणि काळजाने घट्ट, म्हणून गावचे एक बडे शेतकरी आपल्या जोडीवर त्यांना बसवीत. हरण्या आणि लखन ही ती जोडी. १९९१ च्या सुमारास तिने लागोपाठ पट मारले. एका विजयाचा फोटो मामीच्या घरात अजून आहे. मधे ढाल घेतलेले मालक, दोन्हीकडे हार घातलेले बैल, आणि फोटोच्या अगदी कडेला अर्धे मामा. एक डोळा, एक खांदा आणि एक हात. उरलेले अर्धे फोटोग्राफरने कापले.

मी त्यांचा भाचा हे ओट्यावर कळले, त्या दिवशी माझी किंमत एकदम वाढली. कॉलेजात मी नुसता 'सर'. ओट्यावर मी 'त्या बुटक्या धुरकऱ्याचा भाचा'. परक्या माणसांनी आपल्या घरचा माणूस असा जपून ठेवलेला पाहिला, की काय वाटते हे शब्दांत सांगणे माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही कठीण आहे. मामा गाडीवर बसत नसत, उकिडवे होत. सुटताना तोंडाने एक बारीक शीळ घालीत. अर्धी धाव झाली की डावा हात लखनच्या पाठीवर नुसता टेकवीत. हे सारे मला गुरुजींनी सांगितले. मामांनी बैलाला कधी टोचले नाही, नुसत्या हाताने हाकले, ही आमच्या घरची अभिमानाची गोष्ट. तीही ओट्यावर माहीत होती. मग त्यांनी पट का सोडला? कंबर धरली म्हणून. हेही सर्वांना माहीत होते.

त्या संध्याकाळी कंपाउंडर माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, वाईट वाटून घेऊ नका. तवा म्या तिकडच्याच दवाखान्यावर व्हतो. शेवटचा पट मारला त्या रातीची गोष्ट. अकरा वाजता मागच्या दाराची कडी वाजली. तुमचे मामा. संगं हरण्या. दोन कोस चालवत आणलेला. शेपटाच्या बुडाला टोचलेलं. आर लावलेल्या पराणीचं. म्या मोजलं, अकरा ठिकाणी. मालकानं दिली व्हती का त्यांनीच घेतली, म्या इचारलं नाई, त्यांनी सांगितलं नाई. औषध लावूस्तोर बैलाची शिंगं धरून, त्याच्या कपाळाला कपाळ लावून उभे राहिले. जाताना म्हनले, रजिस्टरात नका लिहू. म्या नाई लिहिलं."

"गेलेल्या माणसाच्या मागं असलं काढू नये," गुरुजी म्हणाले.

"गेल्यावरच काढलं," कंपाउंडर म्हणाले. "सव्वीस साल गप हुतो."

चाचा काही बोलले नाहीत. ते माझ्याकडेही पाहत नव्हते. भाच्याने विषय बदलायचा प्रयत्न केला, पण ओटा लवकर उठला.

रात्री मी आईला फोन केला. ती प्रथम म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?" मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "कंबर कसली रे दुखती? त्यानंतर वीस वर्षं औत हाकलंच की त्यानं. पण घरात पराणी ठेवू दिली नाही. तोंडानंच हाकायचा. तुझ्या मामीला वाटायचं, डोक्यावर परिणाम झाला." हे घरात सर्वांना ठाऊक होते तर! फक्त कोणी एकमेकांना सांगितले नव्हते.

मी पटाचा शौकीन आहे, आणि तरीही माझे मत असे, की त्या न्यायालयासमोर जे मांडले गेले ते काही मुंबई-दिल्लीच्या कुत्री पाळणाऱ्या लोकांचे कुभांड नव्हते. आर, चाबूक, शेपटी पिरगाळणे, पुढे पुढे तर विजेचा झटका देणारी बॅटरी, हे सगळे होते आणि ते करणारी माणसे बैलाला पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीही चारीत होती. दोन्ही खरे. ओट्यावरच्या आठवणींत पुरणपोळी तेवढी शिल्लक राहिली होती. मामांचा तो शेवटचा पट मला पूर्वी फार गोड वाटे. आता तसा वाटत नाही, पण मामा मात्र त्या फोटोतल्यासारखे अर्धे राहिलेले नाहीत.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात शर्यतींना अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचे कायदे वैध ठरवले. विदर्भात तळेगाव दशासरचा जुना नावाजलेला पट पुन्हा भरू लागला. तेथे बायकाही जोड्या हाकतात. (भाच्याला मी हे कळवले, तर त्याने उलट कळवले, की तिकडे शर्ली मल्डाउनी नावाच्या बाईने १९७७, १९८० आणि १९८२ असे तीनदा मोठ्या मोटारींचे अजिंक्यपद घेतले होते. घेऊ दे. नऊवारी नेसून घेतले असेल तर सांग म्हणावे.)

२०२४ च्या माघात आम्हीही एका पटाला गेलो. मुनीम तोवर वारले होते. चाचांना नीट दिसत नव्हते, त्यांना आम्ही पलीकडच्या रेघेजवळ खुर्ची टाकून दिली. पट पुष्कळ बदललेला. लाल आकड्यांचे विजेचे घड्याळ सेकंदाचा शंभरावा हिस्सा दाखवते. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो, चाबूक-पराणीला मनाई, ध्वनिक्षेपकावर दर दहा मिनिटांनी तशी सूचना. जो तो मोबाईल वर धरून जोडी पाहतो, म्हणजे खरे तर पाहत नाही.

घड्याळाकडे न पाहणारे एक कंपाउंडर होते. झाडाखाली विसावलेल्या जोड्यांमधून ते एकटेच हिंडत होते. मालकाशी दोन शब्द बोलायचे, बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचा, आणि तो हात हळूच शेपटाच्या बुडापर्यंत न्यायचा. बहुतेक ठिकाणी ते लगेच पुढे सरकले. दोन जोड्यांपाशी जरा जास्त वेळ थांबले. एका तरुण मालकाने "काय बघता हो, बाबा?" म्हणून दरडावलेही. परत येऊन बसल्यावर मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पाणी द्या थोडं." सुचवायचे ते त्यांनी तेवढ्यातच सुचवले.

गुरुजींनी पाचवी वही आणली होती. नवी कोरी, दोनशे पानी. पट्टीने रेघा आखून आणलेल्या. गाव, तिथी, मालक, बैल, सेकंद, ही जुनी घरे होतीच. त्यांच्यापुढे आणखी तीन नवी घरे होती: धुरकरी, धरणारे, पकडणारे. त्यापुढे एक अरुंद घर रिकामे होते, त्याला मथळा नव्हता. ते कशासाठी हे मी विचारले नाही, पण संध्याकाळी त्या घरात दोन ओळींसमोर पेन्सिलीची बारीक खूण दिसली.

पहिली जोडी सुटली, आली, आणि चौघा पोरांनी अंगावर घेऊन थांबवली. धूळ बसायच्या आत गुरुजी वही घेऊन त्यांच्यापाशी पोहोचले. "नाव सांगा, बाळांनो. पूर्ण नाव."

पोरे दचकली. चष्मा, वही, पेन, टोपी. त्यांना वाटले तपासणीच आली.

"नाव कशाला?" एक जण मागे सरकत म्हणाला. "आमी काय केलं?"

"काही नाही रे. वहीत लिहायचंय."

"मालकाचं लिवा ना," दुसरा म्हणाला, आणि चौघेही गर्दीत नाहीसे झाले.

खुर्चीवरून चाचा ओरडून विचारत होते, "लिख्या क्या? लिख्या क्या?" गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि आपल्या कित्त्यासारख्या अक्षरात लिहिले: 'पकडणारे चौघे. पोरसवदा. एकाच्या अंगात निळा बनियन, उजवा गुडघा फुटलेला.'